‘चक्कर आली’ म्हणजे नेमके काय झाले?



१५ ऑगस्टची सकाळ आहे असे समजा. गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणा. रात्रभर कोसळणारा पाऊस थांबून ऊन निघाले आहे आणि हवेत इतका दमटपणा आहे की सदरा पाठीला चिकटावा. ध्वजवंदन झाले, राष्ट्रगीत झाले, आता पाहुण्यांचे भाषण चालू आहे. जागेवरून हलायचे नाही अशी सरांची ताकीद आहे. इतक्यात मागच्या रांगेत धपकन आवाज होतो. नववीतला एक मुलगा खाली कोसळलेला असतो.

लगेच गलका सुरू होतो. एक जण म्हणतो, “सर, याला चक्कर आली.” दुसरी म्हणते, “बेशुद्ध पडला.” बालाघाटकडून आलेला तिसरा सांगतो, “गश खाकर गिर गया.” चौथ्याचे मत असे की फिट आली असावी, कारण पडल्यावर त्याचे हात हललेले त्याने पाहिले. आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी पाण्याचा गडू घेऊन धावत येतात : “पोराले भोवळ आली, सकाळी काही खाल्लं नसन.”

घटना एक आणि शब्द पाच! आपला जिल्हा आहेच तसा. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. वर्गात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी अशा सगळ्या बोली कानावर पडतात. शब्दांची चंगळ असायला हरकत नाही. प्रश्न असा आहे की, हे पाचही शब्द एकाच गोष्टीची नावे आहेत का? दवाखान्यात डॉक्टर विचारतील, “काय झालं होतं?” तेव्हा यांपैकी कुठलाही शब्द सांगून चालेल का?

चालणार नाही. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. पण या शब्दांच्या मागे जे घडते, त्यात दाब, घनता आणि जडत्व यांचा इतका मोठा वाटा आहे की हा विषय आमच्याही अंगणातला म्हणावा लागतो.

आधी थोडे व्याकरण. ‘मला चक्कर येत आहे’, ‘मला गरगरते आहे’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते आहे’ ही वाक्ये तुम्ही स्वतःबद्दल, वर्तमानकाळात म्हणू शकता. आता ‘मी बेशुद्ध आहे’ असे म्हणून पाहा. हसू आले ना? ते वाक्य कोणालाच खरेपणाने म्हणता येणार नाही. जो म्हणेल तो बेशुद्ध नसेल. ‘मी निपचित पडलो आहे’, ‘मला आता फिट आली आहे, माझे हातपाय झटके देत आहेत’ ही वाक्येही अशीच अडखळतात. म्हणजे आपल्या शब्दांची दोन घराणी आहेत. एक आतल्या शब्दांचे : चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी. हे शब्द ज्याला होते त्याचे. दुसरे बाहेरच्या शब्दांचे : बेशुद्ध, निपचित, फिट, आकडी. हे शब्द बघणाऱ्याचे. पडलेल्या मुलाला आतले थोडेफार आठवेल. बाहेरचे त्याला काहीच ठाऊक नसणार. ते फक्त तुम्ही पाहिलेले असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

शब्दांची कुळेही पाहण्यासारखी आहेत. ‘चक्कर’ हा चक्राचा भाऊ. ‘भोवळ’ आणि ‘भोवरा’ एकाच घरचे. संस्कृतातल्या ‘भ्रम्’ म्हणजे फिरणे या धातूपर्यंत त्यांचे मूळ जाते. ‘मूर्च्छा’ मात्र वेगळ्या वाटेने आली. ‘मूर्च्छ्’ या धातूचा एक अर्थ घट्ट होणे, थिजणे. ‘मूर्ती’ हा शब्दही त्याच धातूचा. मूर्च्छा आलेला माणूस मूर्तीसारखा थिजतो, हे शब्दातच आहे. ‘शुद्ध’ ही आपली गमतीची. ‘शुद्ध तूप’ म्हणताना ते विशेषण असते, आणि ‘शुद्ध हरपली’ म्हणताना ते जाणीव या अर्थाचे नाम असते. हिंदीतली ‘सुध-बुध’ मधली सुध तीच. त्या संस्कृत शब्दाला आपण फारसी ‘बे’ जोडला आणि ‘बेशुद्ध’ तयार केला. ‘बेहोश’ पूर्णपणे फारसी आहे, ‘गश’ अरबी.

आणि ‘भूल’! हिंदीत भूल म्हणजे चूक, मराठीत भूल म्हणजे मोह पडणे, भान हरपणे. त्यामुळे दवाखान्याच्या पाटीवर ‘भूलतज्ज्ञ’ वाचून घरी हिंदी बोलणाऱ्या पाहुण्याच्या पोटात गोळा आला, तर त्याला हसू नका.

फुगडी आणि भोवरा

भोवळीपासून सुरुवात करू. दोघी जणी हात धरून जोरात फुगडी खेळा आणि एकदम थांबा. पाय थांबतात, पण झाडे, भिंती, शाळेची इमारत फिरतच राहते. तोल जातो, मळमळते. पण तुम्ही बेशुद्ध होता का? मुळीच नाही. नाव, गाव, सातचा पाढा, सगळे सांगता येते.

याचे कारण कानात आहे. प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, साधारणपणे एकमेकींना काटकोनात. खोलीच्या एका कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात ना, तशा. त्यांत द्रव असतो आणि त्या द्रवाच्या वाटेत जेलीसारखा एक मऊ पडदा. डोके फिरू लागले की नलिका फिरते, पण द्रव जडत्वामुळे मागे राहतो. पडदा वाकतो आणि मेंदूला वर्दी जाते, ‘आपण फिरत आहोत.’ फिरणे चालूच राहिले की काही सेकंदांत द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो. मग तुम्ही एकदम थांबता. नलिका थांबते, द्रव मात्र पुढे जात राहतो. पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदूला खोटी वर्दी मिळते. पाण्याने अर्धा भरलेला पेला घ्या, त्यात चहाची थोडी पूड टाका, पेला आपल्याभोवती गोल फिरवा आणि थांबवा. पूड कशी फिरत राहते ते पाहा. तुमच्या कानात तेच झाले होते.

हे कोडे सोडवणाऱ्यांत १८७० च्या दशकात एक भौतिकशास्त्रज्ञ होता : अर्न्स्ट माख. विमानाचा वेग ‘माख १’, ‘माख २’ असा सांगतात, तोच हा माख. पुढे व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी कानात कोमट किंवा गार पाणी सोडले तरी भोवळ येते हे अभ्यासले. तापमानाने द्रवाची घनता बदलते आणि तो हलू लागतो. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ती बातमी कळली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

तेव्हा भोवळ म्हणजे जग फिरणे. तिचा संबंध कानाशी आणि तोलाशी. शुद्धीशी तिचा थेट संबंध नाही.

तेवीस मिलिमीटरची गोष्ट

आता मैदानावरच्या मुलाकडे वळू. त्याचे जग फिरले नव्हते. विचारले तर तो सांगेल : घाम फुटला, कानात गुणगुण झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि पुढचे काही आठवत नाही. ही झाली मूर्च्छा.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीर वापरते त्या प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा एकटाच घेतो. शिल्लक ठेवण्याची सवय त्याला नाही. त्याचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर सहा ते दहा सेकंदांत शुद्ध जाते.

मेंदू हृदयाच्या वर आहे; उभ्या माणसात सुमारे ३० सेंमी वर. रक्त तिथे चढवायचे म्हणजे दाब खर्च होणारच. किती? हिशोब आठवीतल्या मुलालाही जमेल. रक्ताची घनता १.०६, पाऱ्याची १३.६. तर ३०० मिमी उंचीचा रक्ताचा स्तंभ म्हणजे ३०० × १.०६ ÷ १३.६, म्हणजे सुमारे २३ मिमी पारा. रक्तदाब १२०/८० असेल तर त्याची सरासरी सुमारे ९३ मिमी धरतात. हृदयापाशी ९३, तर मेंदूपाशी ७०. तेवढा पुरतो.

पण उभे राहिल्यावर दुसरीही गोष्ट घडते. अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरते. ते परत वर ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालताना प्रत्येक पावलागणिक ते शिरा दाबतात आणि रक्त वर चढते. पोटरी म्हणजे खालचा पंपच. ताठ, न हलता उभे राहिलात की हा पंप बंद. त्यात उकाड्यामुळे कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या, घामाने पाणी गेलेले, सकाळी पोटात काही नाही. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. काही वेळ शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जोरात चालवून दाब सांभाळते. मग काही जणांत एक विचित्र उलटा हुकूम सुटतो : व्हेगस नावाच्या मज्जातंतूकरवी हृदय मंदावते आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात. दाब धाडकन उतरतो. कोणाला रक्त पाहून, कोणाला सुई टोचताना असाच हुकूम सुटतो. तो भित्रेपणा नव्हे.

आता ‘डोळ्यांपुढे अंधारी’ या शब्दाकडे पाहा. शुद्ध जाण्याच्या आधी नजर का जावी? डोळ्याचा गोळा आतून फुगलेला असतो. त्याच्या आत सुमारे १० ते २० मिमी पाऱ्याइतका दाब असतो. डोळ्यात शिरणाऱ्या रक्ताला तो दाब हटवून आत जावे लागते. म्हणून दाब उतरू लागला की मेंदूला अजून थोडे रक्त मिळत असतानाच डोळ्यातल्या पडद्याचे बंद होते. आधी अंधारी, मग मूर्च्छा, हा क्रम आपल्या आजीच्या बोलण्यात अचूक असतो. तिला नेत्रगोलातला दाब कोणी शिकवला नव्हता.

लढाऊ विमानांच्या वैमानिकांना हा क्रम फार जवळून माहीत असतो. विमान वेगाने वळते तेव्हा त्यांचे रक्त चौपट जड झाल्यासारखे होते. मग ते २३ मिमी होतात सुमारे ९३, म्हणजे हृदयापाशी असलेला सगळा दाब संपला! मेंदूपाशी उरले शून्य. म्हणून त्यांना पाय आणि पोट आवळणारा खास पोशाख घालावा लागतो आणि पोटाचे स्नायू ताणून धरायचे शिक्षण घ्यावे लागते. गोंदियाच्या बांधीत दिवसभर वाकून धानाची रोवणी करणारी बाई एकदम ताठ उभी राहते आणि तिला क्षणभर अंधारी येते, तेव्हा तिच्या शरीरातला हिशोब त्याच जातीचा असतो. मानेतल्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणारी जागा असते. तिची वर्दी पोचून हृदयाने वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यात अंधारी येऊन जाते. त्या रक्तवाहिन्यांना वैद्यकात ‘कॅरॉटिड’ म्हणतात, आणि ते नाव गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले, कारण त्या दाबल्या तर माणूस गुंगतो हे जुन्या ग्रीकांना ठाऊक होते. हा प्रयोग मात्र कोणी करून पाहू नये, अगदी थट्टेतही.

तर मुलगा कोसळला. कोसळण्याने काय झाले? डोके हृदयाच्या पातळीवर आले. तेवीस मिलिमीटरची चढण संपली. पायांतले रक्त परत आले. मूर्च्छेवरचा उपाय मूर्च्छेतच आहे! आणि आपण काय करतो? चार जण धावतो, त्याला बखोटीला धरून उठवतो, खुर्चीवर बसवतो. निसर्गाने दिलेला इलाज आपण मोडतो. आडवा राहू द्या, पाय थोडे उंच करा, गर्दी हटवा; बहुधा अर्ध्या-एक मिनिटात तो डोळे उघडतो. आणि तुम्हाला स्वतःला रांगेत अंधारी येऊ लागली, तर लाज न बाळगता खाली बसा. निदान बुटातल्या बुटात पायाची बोटे आवळा, पोटऱ्या ताणा, पंप चालू करा.

चौथ्या मुलाने पाहिलेले हात हलणे? साध्या मूर्च्छेतही मेंदूला रक्त कमी पडल्याने एक-दोन झटके येऊ शकतात. तेवढ्यावरून ‘फिट’ म्हणू नये. फिट, फेफरे, आकडी, मिरगी म्हणजे मेंदूतल्या असंख्य पेशींनी एकदम, एका तालात विजेचे संदेश सोडणे. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२९ मध्ये मेंदूच्या विजेचे आलेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे कागदावर दिसू लागले. त्यात शरीर आधी ताठरते, मग काही वेळ तालात झटके येतात, जीभ चावली जाते, आणि शुद्ध आल्यावरही माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो. अशा वेळी चप्पल किंवा कांदा हुंगवण्याने काही होत नाही. झटके स्वतःच थांबणार असतात आणि श्रेय चपलेला मिळते. तोंडात चमचा घालू नये. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांच्या वर गेले तर विलंब न करता दवाखाना.

यातला एक प्रकार इतका गुपचूप येतो की त्याला शब्दच चुकीचा मिळतो. काही लहान मुले वाचता-बोलता मध्येच दहा-पंधरा सेकंद थांबतात, नजर एकटक होते, हाक ऐकू येत नाही, आणि मग जिथे सोडले तिथून पुढे चालू. दिवसातून कितीतरी वेळा. आपण म्हणतो, ‘तंद्री लागली’, आणि शिक्षक म्हणतात, ‘लक्ष नाही’. हीसुद्धा फिटच असू शकते, आणि औषधाने ती बहुधा आटोक्यात येते. एका शब्दामुळे त्या मुलाच्या वाट्याला औषधाऐवजी छड्या येऊ शकतात. तुमच्या वर्गात असे कोणी असेल, तर बाईंना सांगा.

उन्हाळ्यातला शब्द वेगळा. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे जंगलात जातात आणि संध्याकाळी निरोप येतो, ‘लू लागली’. हवेचे तापमान ४४-४५ अंशांवर गेले की हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असते. उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. उरतो एकच मार्ग, घामाचे बाष्पीभवन. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. शरीरातले पाणी संपले की हाही मार्ग बंद. नुसता थकवा, डोकेदुखी, अंधारी असेल तर सावली, पाणी आणि विश्रांती यांनी माणूस सावरतो. पण तो असंबद्ध बरळू लागला, घरच्यांना ओळखेना, तर शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले असावे असे समजायचे. इथे ‘जरा चक्कर आली, पडू द्या’ म्हणणे जिवावर बेतते. अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि तसेच दवाखान्यात न्यायचे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये. गिळता येत नसल्याने ते श्वासनलिकेत जाते. खिशातल्या कांद्याबद्दल मी काही म्हणत नाही, त्याने इजा होत नाही एवढेच.

बेशुद्ध कोणाला म्हणायचे?

आता बाहेरच्या घराण्यातल्या सर्वांत मोठ्या शब्दाकडे येऊ. ‘बेशुद्ध’ हा शब्द आपण कशावरून वापरतो? माणूस हलत नाही, डोळे उघडत नाही, बोलत नाही, यावरून. म्हणजे आपण शरीर पाहतो आणि जाणिवेबद्दल निकाल देतो.

हा निकाल माणसामाणसाप्रमाणे बदलतो, याचा त्रास डॉक्टरांनाही होत असे. एकाने ‘अर्धवट शुद्धीत’ लिहावे, दुसऱ्याने ‘गुंगीत’, आणि रोगी सुधारतो आहे की बिघडतो आहे हे कळू नये. १९७४ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी यावर साधा तोडगा काढला. विशेषणे सोडा, काय दिसते ते सांगा. डोळे आपणहून उघडतो, हाकेला उघडतो, दुखावल्यावर उघडतो की उघडतच नाही? बोलणे सुसंगत आहे, गोंधळलेले आहे, नुसता आवाज आहे की तोही नाही? सांगितल्यावर हात हलवतो का? प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आज ही बेरीज ३ ते १५ असते आणि जगभर वापरली जाते. मोजमाप आले की वाद कमी होतात, हे आम्हा भौतिकवाल्यांना फार आवडते.

पण या मोजपट्टीलाही एक गोष्ट चकवते. १९४२ पासून शस्त्रक्रियेत क्युरारे या दक्षिण अमेरिकेतल्या बाणविषाचा उपयोग स्नायू सैल करण्यासाठी होऊ लागला होता. क्युरारेने माणूस बेशुद्धही होतो का, यावर एकमत नव्हते. निश्चेष्ट पडलेला माणूस सांगणार कसा? तेव्हा अमेरिकेतल्या युटा इथले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी ते स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. पापणीसुद्धा हलवता येईना. श्वास सहकाऱ्यांनी चालवला. उतार पडल्यावर त्यांनी सांगितले की, आपण सर्व वेळ पूर्ण शुद्धीत होतो, सगळे ऐकत होतो. हा वृत्तान्त १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट दूरच्या युटाची वाटते ना? आता आपल्या गावात या. पावसाळ्याचे दिवस, रोवणी संपलेली, घरात जमिनीवर अंथरूण. रात्री मण्यार चावतो. दंश इतका बारीक की पुष्कळदा झोपही मोडत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखू लागते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, ‘अजून झोपेतच आहे’, ‘गुंगी आली’. नंतर तो निपचित होतो आणि सारे म्हणतात, ‘बेशुद्ध झाला’.

तो बेशुद्ध झालेला नसतो. मण्यारचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते. तंतूचा निरोप स्नायूला पोचतच नाही. मेंदूवर ते थेट काम करत नाही. श्वास पुरेसा चालू आहे तोवर तो माणूस ऐकत असतो, समजत असतो, फक्त कळवू शकत नाही. ग्लासगोच्या मोजपट्टीवर त्याला ३ गुण मिळतील, म्हणजे सर्वांत कमी, आणि तरी तो शुद्धीत असेल! छातीचे स्नायू थांबले की मात्र खरेच सगळे संपते. त्याआधी कृत्रिम श्वास मिळाला, सर्पविषावरची लस मिळाली, तर असे रोगी काही दिवसांनी पूर्ण बरे होऊन चालत घरी जातात. म्हणून गुंगी उतरण्याची वाट पाहायची नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही, जखम कापायची नाही, करकचून बांधायचे नाही. सरळ दवाखाना. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहायचे. डॉक्टरांना ‘झोपाळला आहे’ असे सांगू नका. ‘काल रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोट दुखले, आता पापण्या वर होत नाहीत’ असे सांगा. साप दिसला नसला तरी त्यांना अंदाज येईल. आणि त्याच्या खाटेशेजारी बसून ‘हा काही वाचत नाही’ असे कोणी बोलू लागले, तर त्याला बाहेर न्या. रोग्याच्या कानाशी जाऊन सांगा की, तुला दवाखान्यात आणले आहे, उपचार चालू आहेत, आम्ही इथेच आहोत.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फोन लावायला मोठे माणूस असावेच लागते असे नाही. ‘चक्कर आली’ एवढेच म्हणालात तर समोरच्याला काहीच कळणार नाही. पहिला प्रश्न असा असेल : हाक मारल्यावर उत्तर देतो का? दुसरा : श्वास चालू आहे का? इथे एक मराठी शब्द ऐकून ठेवा, ‘आचके’. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटे माणूस अधूनमधून आचके देऊ शकतो. बघणाऱ्याला वाटते, श्वास चालू आहे. उत्तर नाही आणि नुसते आचके आहेत, तर ‘नीट श्वास नाही’ असेच सांगायचे आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागायचे : मोठ्या माणसात सुमारे ५ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. हात दमले तर शेजाऱ्याने पुढे चालवायचे. मग सांगायचे ते असे : उभा होता की झोपलेला, आधी काय म्हणाला, अंग ताठ होते की सैल, झटके आले का, चेहरा कसा झाला, किती वेळाने बोलला. वेळ मात्र घड्याळात पाहूनच सांगा. घाबरलेल्या माणसाला वीस सेकंद पाच मिनिटांसारखे वाटतात.